नेम धरला की दहा सेकंद

सिंगापूर

ती. बाबांस शिरसाष्टांग नमस्कार.

इतक्या युद्धनौका एकमेकींच्या वाटेत असतात, तरी ठिणगी कशी पडत नाही, असं तुम्ही विचारलंत. फोनवर धड सांगता आलं नाही, म्हणून लिहितो.

धाक बसतो तो तोफा-क्षेपणास्त्रांमुळे. पण समोरचा नुसता बघतोय की मारणार आहे, हे कप्तानाला ओळखता आलं नाही, तर तोच धाक उलटतो. टेहळणीचं रडार गोल फिरतं, अंगावरून जातं आणि पुढे सरकतं. नेमाचं रडार एकाच जहाजावर खिळतं, बंदूक खांद्याला लावून नेम धरावा तसं. जानेवारी २०१३ मध्ये चिनी फ्रिगेटनं जपानच्या 'युदाची' विनाशिकेवर असं रडार रोखलं, असं जपाननं जाहीर केलं. चीननं ते नाकारलं. अंतर होतं सुमारे ३ किलोमीटर. क्षेपणास्त्र सेकंदाला ३०० मीटर जातं, म्हणजे हातात दहा सेकंद. तेवढ्यात वरिष्ठांना विचारणार कधी?

पुढच्याच वर्षी, एप्रिल २०१४ मध्ये, चिंगदाओला २१ देशांच्या नौदलांनी 'क्यूज' ही, समुद्रात अचानक गाठ पडली तर कसं वागायचं याची, संहिता मान्य केली. तोफा, टॉर्पेडोच्या नळ्या, नेमाचं रडार समोरच्यावर रोखायचं नाही. जहाज जिथून चालवतात त्या ब्रिजवर लेझर मारायचा नाही. रेडिओवर ठरलेल्या संकेतांत बोलायचं. पण ती ऐच्छिक आहे, आणि तिच्यात तटरक्षक दलं नाहीत. वादग्रस्त खडकांपाशी पाण्याचे फवारे मारतात, धडका देतात, ती बहुतेक त्यांचीच जहाजं. माझ्या मते आधी हे भोक बुजवायला हवं.

नौदलंही नेहमी पाळतात असं नाही. सप्टेंबर २०१८ मध्ये दक्षिण चीन समुद्रात चिनी विनाशिका अमेरिकेच्या 'डिकेटर'पासून ४१ मीटरवर आली. 'डिकेटर'ची लांबीच १५४ मीटर! शिवाय दोन जहाजं इतक्या जवळून समांतर धावली, की मधलं पाणी वेगानं वाहतं, तिथला दाब उतरतो आणि ती एकमेकींकडे ओढली जातात. सुकाणू उशिरा फिरवलं तर धडक चुकत नाही.

आपल्याकडेही १९९१ चा भारत-पाकिस्तान करार आहे: एकमेकांच्या युद्धनौकांपासून किमान ३ सागरी मैल, म्हणजे साडेपाच किलोमीटर, लांब राहायचं. तरी जून २०११ मध्ये एडनच्या आखाताकडे माझगाव डॉकमध्ये बांधलेली आपली 'गोदावरी' आणि पाकिस्तानची 'बाबर' एकमेकींना घासल्या. दोन्ही देशांनी एकमेकांना दोष दिला, पण करार शाबूत होता. त्याचाच आधार घेऊन निषेधाचे कागद गेले, गोळी सुटली नाही.

आईस नमस्कार. कळावे.

तुमचा,
संजू