क्रूझचं जहाज धक्क्याला लागल्यावर काय करायचं?

संपादक महोदय,

स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीतला कॅरिबियन क्रूझवरचा लेख आमच्या घरी सगळ्यांनी वाचला. जहाजावरचे तलाव, दिवसभर मिळणारं खाणं-पिणं, रात्रीचे कार्यक्रम यांची माहिती त्यात भरपूर आहे. बंदरांबद्दल मात्र उतरून खरेदी करा, पाण्यातले खेळ खेळा, एवढंच सांगून लेख पुढे गेला. हे पत्र त्याबद्दल आहे. अमेरिकेतल्या लेकी-सुनांकडे जाणारे आईवडील आता सर्रास या सहलींना जातात. बरोबर नातवंडं असतात, कुणाचे गुडघे दुखत असतात, कुणी कांदा-लसूणसुद्धा खात नाही. अशा कुटुंबाचा बंदरावरचा दिवस आपोआप चांगला जात नाही. तो घरातूनच आखावा लागतो.

मी एस. टी.त वाहतूक नियंत्रक होतो. गाडी सुटायची वेळ आधी बघायची आणि तिथून उलटं मोजत यायचं, ही सवय नोकरी संपली तरी सुटलेली नाही. धाकट्या मुलीने पोर्तो रिको या अमेरिकेच्या ताब्यातल्या बेटावरच्या सान हुआनहून निघणाऱ्या जहाजाची तिकिटं काढली, तेव्हा मी तिला आधी वाटेतल्या बंदरांच्या वेळा मागितल्या. त्यात बार्बाडोसचं ब्रिजटाउन होतं. जहाज सकाळी आठला लागणार, संध्याकाळी पाचला सुटणार. कागदावर हे नऊ तास दिसतात. पण सगळ्यांनी साडेचारला आत असायचं असतं. सकाळी उतरणाऱ्यांची गर्दी, मुलांचा नाश्ता, ओळखपत्रांची तपासणी यांत तासभर जातो. परतताना तासभर हाताशी ठेवायचा. मग उरतात साडेसहा तास, आणि त्यांतलेही मधले दोन भर उन्हाचे. ब्रिजटाउन चेन्नईच्याच अक्षांशावर आहे. समुद्रावरचा वारा सुखावतो, पण त्या वाऱ्यात ऊन किती लागतंय ते कळत नाही.

या साडेसहा तासांत सहली विकणारे अख्खं बेट बसवतात. हॅरिसन्स केव्ह ही गुहा, पूर्व किनाऱ्यावरचं बाथशेबा, एखादं जुनं चर्च, एखादी टेकडी आणि शेवटी अर्धा तास समुद्रकिनारा. बेट लहान आहे, लांबी जेमतेम 34 किलोमीटर, म्हणून हे सहज जमेलसं वाटतं. पण रस्ते अरुंद आणि वळणांचे. चार वर्षांची नात आणि गुडघ्याचा पट्टा बांधलेली आजी यांना दर चाळीस मिनिटांनी गाडीतून उतरवायचं आणि पुन्हा चढवायचं, यात बघणं होत नाही, नुसती चढ-उतार होते. शिवाय बाथशेबाला अटलांटिकच्या लाटा इतक्या जोरकस आहेत की तिथे मुलांना पाण्यात सोडता येत नाही. तरुण जोडप्याने ही सहल जरूर करावी. तीन पिढ्यांनी धक्क्याजवळच्या दोन जागा निवडाव्यात आणि त्या पोटभर बघाव्यात, असं माझं ठाम मत आहे.

ब्रिजटाउनमध्ये तर जवळचं सोडून लांब जायचं कारणच नाही. केन्सिंग्टन ओव्हल हे क्रिकेटचं मैदान बंदरापासून मैलभराच्या आत आहे. 29 जून 2024 च्या रात्री दक्षिण आफ्रिकेविरुद्धच्या टी-20 विश्वचषकाच्या अंतिम सामन्यासाठी आपण सगळे ज्या मैदानाकडे डोळे लावून बसलो होतो, तेच हे. मैदान आतून बघायचं तर आधी विचारून ठेवावं लागतं आणि सामना किंवा कार्यक्रम असला तर ते मिळत नाही. मुलीने दोन महिने आधी ईमेल पाठवून सकाळची वेळ घेतली होती. बाहेर सर गारफिल्ड सोबर्स यांचा पुतळा आहे. आत गेल्यावर नातवाने पहिला प्रश्न केला, “आजोबा, सूर्याने कॅच कुठे घेतला?” आम्ही लाँग ऑफची बाजू शोधली. शेवटच्या षटकात 16 धावा हव्या होत्या, हार्दिकचा पहिलाच चेंडू मिलरने उचलला आणि सूर्यकुमारने सीमारेषेवर तो झेलला, आत उडवला, स्वतः रेषेपलीकडे जाऊन परत आला आणि पुन्हा झेलला. दूरदर्शनवर ती दोरी चार पावलांवर वाटते. तिथे उभं राहिलं की मैदान केवढं आहे ते समजतं आणि तो झेल आणखी मोठा होतो. आपण 7 धावांनी जिंकलो, हे तर नातवाला पाठच होतं.

पण त्याला ठाऊक नसलेलंही तिथे पुष्कळ आहे आणि ते सांगायला आजोबाच लागतात. 1971 साली वाडेकरांच्या संघाने याच मैदानावर कसोटी खेळली. सहा गडी सत्तरच्या आसपास बाद झाले होते. मडगावच्या दिलीप सरदेसाईंनी एकनाथ सोलकरांना साथीला घेऊन डाव उभा केला आणि 150 काढले. दुसऱ्या डावात गावसकर 117 वर नाबाद राहिले. सामना अनिर्णित राहिला, मालिका आपण जिंकली. त्याच्याही आधी, मार्च 1962 मध्ये, बार्बाडोसविरुद्धच्या सामन्यात चार्ली ग्रिफिथचा चेंडू नरी कॉन्ट्रॅक्टर यांच्या डोक्याला लागला. कवटी फुटली. वेस्ट इंडीजचा कर्णधार फ्रँक वॉरेल रक्त द्यायला पुढे आला. आपल्यातल्या चंदू बोर्डे, बापू नाडकर्णी आणि पॉली उम्रीगर यांनीही रक्त दिलं. कॉन्ट्रॅक्टर वाचले, पुन्हा कसोटी मात्र खेळले नाहीत. वॉरेल यांच्या नावाने बंगालमध्ये आजही 3 फेब्रुवारीला रक्तदान होतं. हे सांगत असताना आम्हाला मैदान दाखवणारे गृहस्थ थांबून ऐकत होते. मुलीने त्यांना इंग्रजीत सांगितलं, तेव्हा त्यांनी प्रेक्षागृहाकडे बोट केलं. तिथे वॉरेल, वीक्स आणि वॉलकॉट या तिघा क्रिकेटपटूंच्या नावाचा स्टँड आहे. तिघेही याच छोट्या बेटावरचे.

साडेदहाला आम्ही तिथून निघून टॅक्सीने कार्लाइल बेला गेलो. इथे एक गोष्ट आवर्जून सांगतो. बार्बाडोसमध्ये टॅक्सीला मीटर नसतो, बसण्याआधी भाडं ठरवायचं. आणि ठरवताना डॉलर कुठला, ते विचारायचं. बार्बाडोसचा स्वतःचा डॉलर आहे आणि अमेरिकेच्या एका डॉलरला त्यांचे दोन, हा दर कित्येक वर्षं बांधलेला आहे. दोन्ही नोटा सगळीकडे चालतात. म्हणून नुसतं वीस म्हटलं की घोटाळा होतो.

कार्लाइल बे पश्चिमेला, आडोशाला आहे. पाणी शांत, वाळू पांढरी, उतार हळूहळू. किनारा सगळ्यांसाठी खुला आहे, पैसे द्यायचे ते खुर्ची, छत्री आणि स्वच्छतागृहासाठी. ते पैसे निमूट द्यावेत. आजीला सावलीत पाय पसरून बसता आलं आणि नातीला ओले कपडे बदलता आले, यातच दिवसाचं निम्मं यश असतं. सगळ्यांनी एकदम सगळीकडे जायचा हट्ट धरू नये. जावई आणि नातू लाइफ जॅकेट घालून बोटीतून कासवं बघायला गेले, मुलगी नातीला घेऊन काठावर बसली, आम्ही दोघं छत्रीखाली. तासाभराने नातू परत आला तो हात पसरून कासवाची रुंदी दाखवतच. त्यांना हात लावायचा नाही हे नावाड्याने बजावलं होतं, आणि त्याने लावला नाही, याचा मला जास्त आनंद झाला.

किनाऱ्याला सावली देणाऱ्या झाडांत एक विषारी झाड असतं. त्याचं नाव मँचिनील. फळ छोट्या हिरव्या सफरचंदासारखं दिसतं, वास गोड, आणि चीक अंगावर पडला तर फोड येतात. पाऊस आला म्हणून त्याच्याखाली उभं राहिलं तर पानांवरून गळणाऱ्या पाण्यानेही त्रास होतो. बऱ्याच झाडांच्या बुंध्यावर लाल पट्टा असतो, पण प्रत्येकावर असेलच असं नाही. मुलांना वाळूत पाऊल टाकण्याआधी सांगावं की खाली पडलेलं कुठलंही फळ उचलायचं नाही. दुसरी गोष्ट कपड्यांची. लष्करी छापाचे हिरवे-तपकिरी कपडे घालणं त्या देशात कायद्याने बंद आहे आणि ते लहान मुलांनाही लागू आहे. आपल्याकडे मुलांच्या निम्म्या चड्ड्या-टोप्या त्याच छापाच्या असतात. मुलीने हे आधी वाचलं होतं म्हणून नातवाची आवडती टोपी जहाजावरच ठेवली.

जेवणाची काळजी आपल्याकडच्या बायकांना सगळ्यात मोठी असते. जहाजावरची फळं खाली नेता येत नाहीत. पण ब्रिजटाउनमध्ये बटाटा आणि छोल्याची रोटी मिळते. जाड पोळीत भाजी गुंडाळून देतात, मसाला ओळखीचा लागतो. ती त्रिनिदादहून आली. करारावर नेलेले आपले गिरमिटिये मजूर त्रिनिदाद आणि गयानाला गेले, बार्बाडोसला नाही. इथले भारतीय म्हणजे मुख्यतः सुरतेकडचे गुजराती मुसलमान, गेल्या शतकात व्यापार करत आलेले. मांस-मासळी नको असं स्पष्ट सांगावं, लोक समजून घेतात. इथलं राष्ट्रीय जेवण उडत्या माशाचं आणि मक्याच्या पिठाच्या कू-कूचं. जावयाने ते खाल्लं, आणि आमच्या घरचं भानोळं आठवावं असं कू-कू लागतं म्हणाला.

दोन वाजता किनारा सोडला आणि टॅक्सीवाल्याला गावातून हळू न्यायला सांगितलं. संसदेची प्रवाळी दगडाची इमारत, तिच्या समोरचा वीरांचा चौक, होड्यांची जुनी गोदी. हा सगळा भाग 2011 पासून जागतिक वारसा आहे. त्या चौकात दोनशेहून अधिक वर्षं नेल्सन या ब्रिटिश आरमारी सेनानीचा पुतळा होता. तो नोव्हेंबर 2020 मध्ये उतरवला आणि पुढच्या वर्षी 30 नोव्हेंबरला देश प्रजासत्ताक झाला. मी कराडचा, उसाच्या मुलखातला. या बेटाची श्रीमंतीही उसाचीच होती, आणि तो ऊस आफ्रिकेतून धरून आणलेल्या गुलामांनी तोडला. 1816 मध्ये बुसा या गुलामाच्या नावाने ओळखला जाणारा उठाव झाला, गुलामी कायद्याने 1834 मध्ये संपली. नातू नऊ वर्षांचा आहे. एवढं त्याला कळतं, आणि कळायला हवं. खरेदीची दुकानं धक्क्याच्या आतच आहेत, ती जहाजावर चढताना दहा मिनिटांत होतात.

पावणेचारला आम्ही जहाजात होतो. साडेचारनंतर वरच्या डेकवरून पाहिलं तर दोन माणसं धक्क्यावरून पळत येत होती. त्यांना घेतलं, पण दरवेळी घेतातच असं नाही. जहाजाकडूनच घेतलेल्या सहलीची गाडी अडकली तर जहाज थांबतं. आपण स्वतंत्र गेलो असू तर ते निघून जातं आणि पुढचं बंदर आपल्या खर्चाने गाठावं लागतं. जहाजाचं घड्याळ आणि बेटाचं घड्याळ यांत कधी तासाचा फरक असतो, मोबाईल बेटाचं दाखवतो. त्यामुळे मनगटावर साधं घड्याळ बांधून ते जहाजाच्या वेळेला लावावं. आमच्या मजल्यावर खोल्या आवरणारा मुलगा गोव्याचा, काणकोणचा होता. या जहाजांवर आपली गोव्याची, कोकणची मुलं पुष्कळ असतात आणि बंदराची खरी माहिती त्यांच्याकडे मिळते. टॅक्सी कुठून घ्यावी, हे त्यानेच सांगितलं.

भारतीय पासपोर्टवाल्यांना बार्बाडोसचा व्हिसा लागत नाही. पण अमेरिकेत परत शिरायचं असतं, म्हणून अमेरिकेचा व्हिसा एकापेक्षा जास्त प्रवेशांचा आहे ना, हे तिकीट काढण्याआधी बघावं. वाटेतल्या प्रत्येक बेटाचा नियम वेगळा असतो, तो त्या त्या देशाच्या सरकारी संकेतस्थळावरच पाहावा.

परदेशातल्या मुलामुलींना एकच सांगायचं आहे. तिकिटं काढताच बंदरांच्या वेळा आईबाबांना कळवा आणि फोनवर त्यांना विचारा की सलग किती वेळ चालवेल, दुपारी पडावं लागतं का, औषध किती वाजता असतं. आमच्या मुलीने हे विचारलं तेव्हा आधी सौ.ने “माझं काय, मी येईन कुठेही” असंच उत्तर दिलं. मुलीने तीनदा विचारल्यावर “वीस मिनिटं, मग बसायला हवं” हे खरं उत्तर आलं. आमचा सगळा बेत त्या वीस मिनिटांवर बसवलेला होता.

आपला,
एक निवृत्त वाहतूक नियंत्रक
कराड, जि. सातारा