पुढची चाल झाकून ठेवणाऱ्या काकांना

प्रिय काका,
सा. न.

बुद्धिबळातली ओपनिंग, म्हणजे डावाच्या सुरुवातीच्या ठरलेल्या चाली, नुसती पाठ करायची नसते, समोरचा ती कशासाठी खेळला ते शोधायचं असतं, हे मला तुम्ही शिकवलंत. समोर आभार मानले की तुम्ही विषय बदलता, म्हणून हे जाहीर पत्र.

शिकवायला तुम्ही निवडलात तो २००८च्या जगज्जेतेपदाचा, बॉनमधला पाचवा डाव. व्लादिमिर क्रामनिककडे पांढरी, विश्वनाथन आनंदकडे काळी. सेमी-स्लाव्ह या ओपनिंगमधली मेरान पद्धत. १९२४मध्ये मेरान गावातल्या स्पर्धेत रुबिनस्टाइन ती खेळला, तेव्हापासून हे नाव. चौदाव्या चालीला काळा उंट पटावरच्या बी७ या घरात आला आणि तुम्ही चालींची वही झाकलीत. “बी५चं प्यादं का खाऊ देतोय हा?” मोबाइलही बाजूला ठेवायला लावलात. बुद्धिबळाचं इंजिन, म्हणजे चाली सुचवणारा प्रोग्रॅम, उत्तर क्षणात देतं, पण ते डोक्यात राहत नाही, हे मला आता पटलंय. काळ्या राजाचं कॅसलिंग, म्हणजे कोपऱ्याकडे सुरक्षित जाणं, झालेलं नाही, तो मधेच उभा. पण जी-पट्टी, म्हणजे जी अक्षराची उभी रांग, काळ्या हत्तीला मोकळी आणि बी७चा उंट थेट पांढऱ्या राजाच्या घरावर रोखलेला. हे स्वतः शोधल्यावर ती चाल पुन्हा घोकावी लागली नाही. तिसऱ्या डावात याच वाटेने आनंद जिंकला होता, तरी पाचव्यात त्याने पुन्हा तीच धरली, फक्त पंधराव्या चालीला आधी हत्ती जी८वर. केवढा विश्वास स्वतःच्या तयारीवर!

मग २९वी चाल. पांढऱ्या घोड्याने डी४चं प्यादं मारलं. घोडा गेला, वजिरावजिरी झाली, हत्तीचा शह बसला, पाठोपाठ बी७चा उंटही मिळाला. पांढऱ्याचा हिशेब चोख वाटतो. तुम्ही एवढंच म्हणालात, “अजून एक चाल मोज.” बराच वेळ गेला, तुम्ही घाई केली नाहीत, आणि ३४वी चाल सापडली: काळा घोडा ई३वर! तो घेतला की काळं प्यादं ई३वर येतं, एफ१चा उंट काळ्या हत्तीने बांधलेला, म्हणजे हलला तर राजाला शह बसेल असा, त्यामुळे प्यादं वजीर होण्यापासून अडवता येत नाही. ३५ चालींत क्रामनिकने डाव सोडला. त्या दुपारी मला झालेला आनंद कुठल्याही ट्रॉफीहून मोठा होता.

आता आमच्या सोसायटीतल्या मुलांना मीही चाली झाकूनच डाव दाखवते. काकूंच्या शेव-उसळीचे आभार वेगळे.

रविवारी दांडिया बाजारात येतेय. सहावा डाव घेऊया का? आनंदकडे पांढरी, ओपनिंग निम्झो-इंडियन. मी अजून पाहिलेला नाही, वही तुम्हीच झाका.

तुमची विद्यार्थिनी,
बडोदे