औषधाआधी वजन

एडिसन, न्यू जर्सी
१२ जानेवारी

प्रिय वैशू,

तुझा व्हिसा झाल्याचं कळलं आणि मला रात्रभर झोप नाही. मार्चमध्ये तू आणि मनू इथे! बाकीचं नंतर, आधी एक गोष्ट सांगते, कारण मनू जेमतेम सव्वा वर्षाची आहे.

मागच्या महिन्यात रात्री दोन वाजता ओमला सणकून ताप भरला. आई इथेच होती. घरात तापाचं औषध होतं. आपलं पॅरासिटामॉलच, इथे त्याला अ‍ॅसिटामिनोफेन म्हणतात. सांगलीच्या डॉक्टरांनी सांगितलेला हिशोब मला पाठ होता: किलोमागे पंधरा मिलिग्रॅम. आठच दिवसांपूर्वी इथल्या दवाखान्यात त्याचं वजन केलं होतं. कागद काढला. नुसता आकडा, २४.२. पुढे काहीच नाही. चोवीस गुणिले पंधरा, तीनशे साठ. बाटलीवर पाच मिलिलिटरला १६० मिलिग्रॅम लिहिलेलं, म्हणजे सव्वाअकरा मिलिलिटर. हातातली पिचकारी पाचचीच, तीनदा भरावी लागणार होती. पहिली भरली, ओमच्या ओठाला लावली, आणि आई म्हणाली, "चोवीस किलो? अगं, चोवीस किलोचा असता तर माझ्या कडेवर राहिला असता का?"

ते पौंड होते, वैशू. २४.२ पौंड म्हणजे अकरा किलो. त्या एका पिचकारीत त्याचा सगळा डोस होता. मी दुपटीहून जास्त पाजायला निघाले होते. तो निजल्यावरही त्याच्या हनुवटीवरचा औषधाचा चिकट थेंब पुसायचं मला सुधरलं नाही, नुसती बघत बसले.

तेव्हापासून हा विषय डोक्यातून जात नाही. १९८३ च्या जुलैत कॅनडात एका बोईंग ७६७ चं असंच झालं होतं. देश तेव्हा मेट्रिकवर येत होता. २२,३०० किलो इंधन हवं होतं, पण लिटरचं वजन काढताना ०.८ ऐवजी १.७७ ने गुणलं, आणि तो आकडा पौंडाचा. विमानात निम्म्याहूनही कमी इंधन गेलं, ४१,००० फुटांवर असताना ते संपत आलं आणि इंजिनं एकामागोमाग बंद पडली. वैमानिक बॉब पिअर्सन यांनी ते घारीसारखं तरंगत गिमलीच्या जुन्या धावपट्टीवर उतरवलं. सगळे वाचले. ती सगळी जाणती माणसं होती गं, आणि हिशोब एकदा नाही, पुन्हा पुन्हा तपासला होता. प्रत्येक वेळी त्याच १.७७ ने.

आईला हे सांगितलं तर तिला आजीच्या पाटल्या आठवल्या. जुन्या चिठ्ठीवर चार तोळे, आणि सोनाराच्या काट्यावर भरल्या साडेशेहेचाळीस ग्रॅमच्या वर. आई म्हणे काटाच बिघडलाय. जुना तोळा ११.६६ ग्रॅमचा, आताचा सराफ दहाचा धरतो. म्हणजे एकाच गावात, एकाच शब्दाची दोन वजनं.

लहान मुलांचं वजन फक्त किलोतच लिहावं असं मला मनापासून वाटतं. इथली बरीच इस्पितळं आता तसं करतात, पण सगळी नाहीत. म्हणून निघायच्या आदल्या दिवशी मनूचं वजन करून घे आणि तिच्या फाइलवर 'किलो' असं अक्षरात लिहून आण. तिकडची औषधाची बाटली आणलीस तर इथल्या मापाने देऊ नकोस. तिकडे पाच मिलिलिटरला १२०ची मिळते, २५०चीही. आधी लेबल वाच, शंका आली तर डॉक्टरांना फोन कर, रात्रीचे दोन का वाजले असेनात.

आणि हो, काकूंच्या हातचं मेतकूट पावशेर तरी आण.

तुझीच,
रेवा