उसाची वाट गावाला आधी कळू द्या

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

कृष्णाकाठी गळीत हंगाम सुरू झाला की स्थानिक पानावर उसाच्या दराची बातमी येते आणि थोड्याच दिवसांत ‘उभ्या ट्रॉलीला दुचाकीची धडक’ हीही येते. उद्या कोणत्या शिवारात तोड आहे, भरलेल्या ट्रॉल्या कोणत्या रस्त्याने निघणार, कोणत्या वळणावर ट्रॉली मोडून उभी आहे, ही खबर मात्र छापून येत नाही. पलूस, भिलवडी, अंकलखोप या पट्ट्यात पहाटे घराबाहेर पडणाऱ्या दूधवाल्याला, कामगाराला आणि शाळकरी पोराला तिचीच गरज असते. ती आपण रोज एका छोट्या चौकटीत छापावी, एवढ्यासाठी हे पत्र.

डिसेंबर-जानेवारीत आकाश निरभ्र असते, वारा पडलेला असतो. पाणी दिलेल्या शेतातला आणि नदीचा ओलावा रात्रभर गार झालेल्या जमिनीलगत धरून राहतो. म्हणून गावात स्वच्छ दिसते आणि मळी, म्हणजे नदीकाठची सखल शेती, किंवा ओढ्याचा उतार लागला की अचानक धुके अंगावर येते. जानेवारीत सूर्य सातच्या सुमारास उगवतो आणि धुके बहुधा त्याच वेळी सर्वांत दाट असते. रस्त्यावरची वर्दळही नेमकी तेव्हाच वाढते.

आता थोडा हिशेब. ताशी ६० किलोमीटर वेगाने गाडी सेकंदाला सुमारे १७ मीटर जाते. समोर काही आहे हे कळून ब्रेक दाबेपर्यंत दीड सेकंद गेला तर २५ मीटर तिथेच संपतात. पुढे कोरड्या रस्त्यावर थांबायला आणखी २३ मीटर लागतात. एकूण झाले ४८. डिपरवर दुचाकीचा उजेड ४० मीटरच्या आसपास पडतो, धुळीने माखलेल्या दिव्याचा त्याहून कमी. म्हणजे ट्रॉली दिसली तेव्हा थांबण्याची वेळ आधीच निघून गेलेली असते. तोच वेग ४० ठेवला तर २७ मीटर पुरतात, ३० ठेवला तर १८. त्यात समोरून अपर लावलेले वाहन आले, तर त्या झोतामागची डाव्या हाताची ट्रॉली अजिबात दिसत नाही. डोळे दिपले की वेग तोडायचा आणि नजर रस्त्याच्या डाव्या कडेवर ठेवायची. धुक्यात आपणही अपर लावू नये. पाण्याच्या थेंबांवरून उजेड उलटा डोळ्यांत येतो आणि समोर पांढरी भिंत उभी राहते.

ट्रॉलीच्या मागच्या बाजूबद्दल मात्र सविस्तरच लिहायला हवे. फाळक्याला, म्हणजे ट्रॉलीच्या मागच्या झडपेला, रेडियम पट्टी असते, पण ट्रॉली भरल्यावर मोळ्यांची टोके बाहेर येतात, वर वाढे, म्हणजे उसाचे हिरवे शेंडे, बांधलेले असतात आणि पट्टी त्याखाली झाकली जाते. रिकामी ट्रॉली लखलखते, भरलेली काळीकुट्ट. त्यामुळे पट्टी लोखंडावर लावून भागत नाही, ती मालावर हवी. दोन फूट लांबीचे पत्र्याचे दोन तुकडे घ्यावेत, त्यावर ५० मिलिमीटर रुंदीची लाल पट्टी चिकटवावी आणि ट्रॉली भरून झाल्यावर मागच्या मोळ्यांना, डाव्या व उजव्या टोकाला एकेक, जमिनीपासून तीन-चार फुटांवर दोरीने आवळून बांधावेत. एकच बांधला तर मागच्याला ती दुचाकी वाटते आणि तो बाजूने काढायला जातो. दोन्ही टोकांना असले की मालाची रुंदी कळते. जोडट्रॉली असेल तर मागच्या ट्रॉलीला आधी. बाजूंना पिवळी पट्टी आणि पुढे पांढरी, हा नियमातलाच रंगक्रम आहे.

पट्टी चिकटवताना गंज पॉलिश पेपरने घासून काढावा आणि पत्रा कोरडा करून घ्यावा, नाहीतर आठ दिवसांत कडा सुटतात. फडातला चिखल बसला की पट्टी निकामी होते, म्हणून कारखान्याच्या वजनकाट्यावर नंबर लागेपर्यंत ओले फडके फिरवावे. बाजारात नुसता चकचकीत स्टिकरही रेडियम म्हणून विकला जातो. तो ओळखायला रात्री वीस पावलांवर उभे राहून बॅटरी डोळ्याजवळ धरून पाहावे. खरी पट्टी पेटल्यासारखी दिसते, कारण ती उजेड आला तिकडेच परत पाठवते.

मागचे दिवे बंद असण्याची कारणे साधी असतात. ट्रॅक्टर आणि ट्रॉलीमधली वायर वळणावर ताणून निसटते, दुसऱ्या ट्रॉलीपर्यंत वायर ओढलेलीच नसते, आणि अर्थिंग हुकावर सोडलेले असल्याने गंज चढला की दिवा मिणमिणतो. अर्थची वेगळी वायर ओढली आणि जोडाजवळ एक सैल वळसा ठेवला तर हंगाम निघतो.

ॲक्सल तुटला किंवा टायर फुटला की चालक ट्रॅक्टर सोडवून मदत आणायला जातो. दिव्यांची वीज ट्रॅक्टरच्या बॅटरीची, त्यामुळे मागे राहिलेल्या ट्रॉलीला कसलाच दिवा उरत नाही. ट्रॅक्टरच्या पेटीत सेलवर चालणारे दोन लाल ब्लिंकर आणि एक परावर्तक त्रिकोण असायलाच हवा. त्रिकोण ट्रॉलीला टेकवून ठेवून उपयोग नाही. मागे किमान ५० मीटर, म्हणजे साठ-सत्तर पावलांवर ठेवावा. मागे थांबलेल्या माणसाने ट्रॉलीच्या मागोमाग उभे न राहता साइडपट्टीच्या बाहेर उभे राहून बॅटरी हलवावी. आणि चाकाखाली लावलेले दगड निघताना उचलावेत. ट्रॉली जाते, दगड तिथेच राहतात आणि पुढच्या दुचाकीला ते दिसत नाहीत.

बैलगाडीला मागे लाल पट्टी आणि पुढे जुवावर पांढरी पट्टी बांधावी. बैलांच्या डोळ्यांवर अपर मारू नये, हॉर्नही नको. बिचकलेला बैल गाडी कुठेही ओढतो. ट्रॅक्टरवरचा गाण्यांचा आवाज मागचा हॉर्न ऐकू येईल इतकाच असावा. सांडलेला ऊस चाकाखाली चिरडला की रस आणि दव मिळून रस्ता निसरडा होतो. फडाच्या तोंडाशी आणि कारखान्याच्या वाटेवरच्या वळणांवर दुचाकीस्वारांनी पुढचा ब्रेक एकदम दाबू नये.

मार्गशीर्ष पौर्णिमेला, दत्तजयंतीला, औदुंबरला पहाटे चालत जाणारी माणसे याच रस्त्यांवर असतात. त्यांनी उजव्या कडेने, समोरून येणारी वाहने दिसतील असे, एकामागे एक चालावे. काळी शाल नको. शेवटच्या माणसाच्या पाठीवर रेडियमचा तुकडा शिवलेला असावा.

अपघात झालाच तर १०८ किंवा ११२ वर फोन करताना गावाच्या नावासोबत जवळचा पूल, पाण्याची टाकी किंवा किलोमीटरचा दगड सांगावा. जखमीला मदत करणाऱ्याला मोटार वाहन कायद्यातले २०१९ साली घातलेले कलम १३४अ संरक्षण देते. नाव सांगण्याची किंवा साक्षीदार होण्याची सक्ती त्याच्यावर करता येत नाही. ही गोष्ट अजून फार थोड्यांना माहीत आहे आणि त्यामुळे माणसे दुरूनच पाहत राहतात. आपण ती ठळक छापावी.

राहिला रोजच्या चौकटीचा प्रश्न. तिच्यासाठी वेगळा वार्ताहर लागणार नाही. उद्याचा तोडणी कार्यक्रम प्रत्येक कारखान्याच्या गट कार्यालयात आणि चिटबॉयकडे, म्हणजे तोडीच्या चिठ्ठ्या देणाऱ्या कारखान्याच्या माणसाकडे, आदल्या दिवशी तयार असतो. त्यातून गाव, शिवार आणि बाहेर पडण्याचा रस्ता एवढेच घ्यावे. त्याखाली खोदकाम चाललेले रस्ते, बंद पडलेले पथदिवे आणि गावची जत्रा किंवा बाजार यांची एक ओळ. सहा-सात ओळींत मावेल. पण अंक हातात येईपर्यंत दूधवाला घराबाहेर पडलेला असतो. म्हणून हीच चौकट आदल्या संध्याकाळी सातपर्यंत ग्रामपंचायतीच्या फलकावर आणि दूध संकलन केंद्राच्या दारावर लागली पाहिजे. संकलन केंद्रावर पहाटे आणि संध्याकाळी गावातली बहुतेक घरे येऊन जातात. मजकूर आपण पाठवावा, लिहून लावायचे काम गावोगावची तरुण मंडळे करू शकतील. हंगाम संपेपर्यंत चौकट चालू ठेवावी, ही विनंती.

आपले,
कृष्णाकाठचे काही रहिवासी,
ता. पलूस, जि. सांगली