टेबलटॉप बिलियर्ड्स सेट: बोर्ड वाकडा, एक बॉल चुकीचा आणि पुस्तिका भलत्याच खेळाची

प्रति,
तक्रार विभाग

नमस्कार,

मी इंदूरहून, सुदामा नगरमधून लिहितेय. तुमच्याकडून ऑनलाइन मागवलेल्या टेबलटॉप सेटबद्दल तक्रार आहे, ऑर्डर नंबर मेलच्या विषयात टाकलाय. चॅटवर "सपाट जागेवर ठेवून बघा" एवढंच उत्तर परत परत येतंय म्हणून आता सगळं लिहून पाठवतेय, कृपया पूर्ण वाचा.

आधी बॉलचं. बॉक्सवर पूल सेट लिहिलंय, म्हणजे 15 नंबरवाले बॉल आणि एक पांढरा. आमच्यात 14 नंबरचा हिरवा पट्टेवाला नाहीच, त्याच्या जागी 6 नंबरचा पूर्ण हिरवा दोनदा आलाय. पूलमध्ये काठीने पांढरा मारून बाकीचे बॉल पॉकेटमध्ये, म्हणजे बोर्डच्या भोकांत घालवायचे असतात, एका खेळाडूचे 1 ते 7, दुसऱ्याचे 9 ते 15 आणि शेवटी 8 नंबरचा काळा, आता आमच्याकडे एकाला सातऐवजी आठ घालवायचे आणि दुसऱ्याला सहाच, असा गेम कसा खेळायचा?

त्यात पुस्तिका उघडली तर आत स्नूकरचे नियम! लाल 1 पॉइंट, पिवळा 2, हिरवा 3 असं करत काळा 7, आधी लाल मग रंगीत. अहो पण स्नूकरला 15 लाल लागतात, पांढरा धरून एकूण 22 बॉल, ते तुमच्या सेटमध्ये आहेतच कुठे? माझ्या मुलीने पुस्तिका समोर ठेवून 3 नंबरचा लाल घालवला, मग काळा घालवला आणि खुशीत सात पॉइंट लिहिले, तर सासरे म्हणाले अगं, 8 नंबर आधी गेला की पूलमध्ये गेम हरतो. ती रडकुंडीला आली, "आजोबा, पुस्तकात तर असंच लिहिलंय ना!" सासरे जबलपूरला नोकरीला होते, स्नूकर 1875 मध्ये तिथल्याच आर्मीच्या मेसमध्ये सुरू झाला हे ते सगळ्यांना अभिमानाने सांगतात, त्यांना दोन्ही खेळ येतात म्हणून निदान आम्हाला कळलं तरी, पण ज्यांच्या घरी सांगणारं कोणी नाही ती मुलं तर चुकीचंच शिकत बसतील.

आता सगळ्यात मोठं, बोर्ड. पांढरा बॉल मधोमध ठेवून अगदी हलकेच सोडला की तो हळूहळू वळत एकाच कोपऱ्यातल्या पॉकेटकडे जातो. फरशीला उतार असेल म्हणून आम्ही बोर्ड उलट फिरवून ठेवला, तरी बॉल त्याच पॉकेटकडे, म्हणजे फरशी नाही, तुमचा बोर्डच वाकडा आहे. पायाचे स्क्रू फिरवून पाहिले, काही फरक नाही. शिवाय एका लांब बाजूच्या कुशनचा, म्हणजे बॉल आपटून परत येतो त्या कडेचा, रबर आतून सुटलाय, तिथे आपटून बॉल अर्ध्यातच थांबतो. नवीन शिकणाऱ्याला पहिली गोष्ट हीच शिकवतात ना की बॉल ज्या कोनात कुशनला लागतो साधारण त्याच कोनात परत येतो, मग या बोर्डवर मुलगी ते शिकणार कसं? नेम बरोबर धरला तरी बॉल भलतीकडेच जातो आणि तिला वाटतं आपल्यालाच जमत नाही, मला सगळ्यात जास्त राग याचाच आलाय.

आमच्या इंदूरची अमी कमानी स्नूकरमध्ये देशासाठी खेळते, तिचं बघूनच मुलीने हट्ट धरला होता. घरात 12 फुटी टेबल मावत नाही म्हणून लोक हे छोटे सेट घेतात, पण छोटा आहे म्हणून काहीही चालेल असं नाही ना, आम्ही पैसे पूर्ण दिलेत.

तर मला पूर्ण सेट बदलून हवाय, नुसता एक बॉल पाठवू नका, आणि सोबत पूलच्या नियमांची पुस्तिका पाठवा, हिंदी किंवा मराठीत असेल तर फार बरं. ते जमत नसेल तर पूर्ण पैसे परत करा. ई-कॉमर्सच्या 2020 च्या नियमांप्रमाणे तक्रारीची पोच 48 तासांत आणि निकाल एका महिन्यात द्यायचा असतो, तसं झालं नाही तर मी 1915 वर ग्राहक हेल्पलाइनला तक्रार करणार आहे. उलट फिरवून काढलेले दोन्ही व्हिडिओ आणि दोन्ही 6 नंबरचे फोटो जोडलेत.

आणि पिकअपच्या माणसाला दुसऱ्या मजल्यावर यायला सांगा, बोर्ड जड आहे, खाली उतरवून देणं आमच्याकडून होणार नाही.

आपली,
एक ग्राहक, इंदूर