कॅथरीनला कुठे द्यायची?

वसई

प्रिय सुमे,

तुझं पत्र दिवाळीच्या आधीचं आणि माझं उत्तर आत्ता. मधल्या काळात मनातल्या मनात तू मला काय काय म्हणाली असशील ते मला इथे ऐकू येतंय. बीपी ठीक आहे, साखर थोडी वर, ह्यांचं कानाचं यंत्र नेहमीप्रमाणे ड्रॉवरमध्ये. झालं.

लिहायला बसले कारण गुरुवारी आमच्या वाचन मंडळात एक प्रकार झाला आणि तो इथे कुणाला सांगून उपयोग नाही. मी कादंबरी लिहायला घेतलीय हे नंदूने तुला सांगितलं असेलच, त्याच्या पोटात काही राहत नाही. विषय तोच, ज्यावरून बापट सरांच्या तासाला आपण दोघी वर्गाबाहेर उभ्या होतो. इंग्लंडच्या दुसऱ्या चार्ल्सने पोर्तुगालच्या राजकन्येशी, कॅथरीनशी, लग्न केलंच नसतं तर? १६६१चा विवाहाचा तह नाही, म्हणजे त्यातलं अकरावं कलमही नाही, म्हणजे मुंबई बेट इंग्रजांच्या पदरात नाही. मुंबई पोर्तुगीजांकडेच राहते, आणि साष्टी १७३७ला गेली, वसई १७३९ला गेली, तशी तीही चिमाजीअप्पांकडे येते. सुरुवातीची प्रकरणं वाचली. वसईकरांना याहून गोड काय ऐकवणार? टाळ्या पडल्या. मग मागच्या रांगेतल्या एक बाई, ज्या एरवी विणकाम करत बसतात, सुई न थांबवता म्हणाल्या, "ते मुंबईचं झालं हो. पण त्या मुलीला मग कुठे दिलीत?"

सगळे हसले. मीही हसले. घरी आल्यावर जेवण गेलं नाही. धुळ्याचं स्थळ तुला आठवत असेल, जास्त लिहीत नाही.

खरं सांगायचं तर मी तिला कुठेच दिली नव्हती. लग्न मोडून टाकलं आणि थेट पाऊण शतक पुढे, वसईच्या तटाला सुरुंग लावायला धावले. चार्ल्सची सोय मात्र नीट लावली होती. त्याच्यासाठी ओर्तांस मान्सिनी. हा वनवासात होता तेव्हा, १६५९ला, त्याने तिला मागणी घातली होती. तिच्या मामाने, फ्रान्सचा कारभार बघणाऱ्या कार्डिनल माझारँने, राज्य नसलेल्या राजाला पोरगी देत नाही म्हणून वाटेला लावलं. वर्षभरात याला राज्य मिळालं तर मामा आपणहून आला, आणि आता याने नकार दिला. आपल्याकडच्या लग्नाच्या बैठकीत हे असंच चालतं की नाही? मी त्या दुसऱ्या खेपेला त्याला हो म्हणायला लावलं. ओर्तांसला प्रत्यक्षात जो नवरा मिळाला तो गवळणींनी गायींची धार काढू नये असे हुकूम काढायचा, अश्लील दिसतं म्हणून! शेवटी ती घर सोडून पळाली आणि फिरत फिरत लंडनला येऊन चार्ल्सचीच ठेवलेली बाई झाली. तेव्हा तिला आधीच राणी केली तर कुणाचं काय बिघडलं? (स्पेनच्या वकिलाने पार्माच्या राजकन्याही सुचवल्या होत्या. बघायला गेलेला सरदार एक जाड आणि दुसरी कुरूप असा निरोप घेऊन आला. कांदेपोहे सगळीकडे तेच.)

आता तू म्हणशील, कुंदे, तुझ्या कादंबरीत इंग्रज जातातच कुठे? इराण्याकडे तू टेबलावर चमचा आपटून तेच म्हणाली होतीस. इंग्रजांना मुंबई हवीच होती. १६२६ला डचांबरोबर येऊन ते ती जाळून गेले, १६५२ला सुरतेच्या वखारीतले त्यांचे लोक ती विकत घ्या म्हणून मागे लागले, पुढे इंग्लंडचा तेव्हाचा सत्ताधीश क्रॉमवेल, त्याच्या कानावरही घातलं. लग्न झालं नसतं तर खरेदीखत झालं असतं, हे तुझं वाक्य. पण विकणारा तयार हवा ना. फ्रान्सने १६५९ला स्पेनशी तह करून पोर्तुगालला एकटं पाडलं, म्हणून तर कॅथरीनच्या आईने वीस लाख क्रुझादो (पोर्तुगीज नाणी), आफ्रिकेतलं टँजियर आणि मुंबई एवढं सगळं मुलीबरोबर दिलं. त्यातही रोकड पुरी पडेना तेव्हा साखर आणि मसाले जहाजात भरले. असली माणसं शांतपणे खरेदीखत करत नाहीत. आणि तुझे ते डच! पोर्तुगीजांकडून कोलंबो १६५६ला घेतलं, कोची १६६३ला, मग मुंबई का सोडतील, हा मुद्दा मला तेव्हाही टोचला होता, आताही टोचतो. पण १७४१ला कोलाचेलला त्रावणकोरच्या मार्तंड वर्माने त्यांना लोळवलंच की. आप्पांनी नसतं लोळवलं? तू जिंकलीस असं समजू नकोस.

लग्न होऊनही मुंबई हातात पडता पडता राहिली होती, हे तर तू कायम विसरतेस. ताबा घ्यायला धाडलेला शिपमन चारशेक माणसं घेऊन १६६२ला आला आणि गोव्याच्या व्हाइसरॉयने, मेलो द कास्त्रोने, कागदपत्रांत खोट काढून ताबा दिलाच नाही. आमच्या पुनर्विकासात ताबा मिळायला लागले तसेच हेलपाटे, फक्त यांना भाडं देणारं कुणी नव्हतं. बिचारे कारवारजवळच्या अंजदीव बेटावर पावसात कुजत बसले. महाराज १६६४च्या जानेवारीत सुरत लुटत होते तेव्हा हे तापाने मरत होते. एप्रिलमध्ये शिपमनही गेला. शंभरेक उरले, त्यांना घेऊन त्याच्या हाताखालच्या कुकने १६६५च्या फेब्रुवारीत ताबा घेतला, तोही जमीनदारीण बाईच्या, दोना इग्नेझ द मिरांदाच्या वाड्यात बसून. व्हाइसरॉयने तर राजाला कळवलं होतं की इंग्रज मुंबईत शिरले त्या दिवशी हिंदुस्थान आपल्या हातून गेला म्हणून समजा. आणि एवढ्या मेलेल्या माणसांचं चार्ल्सने काय केलं, तर १६६८ला बेट ईस्ट इंडिया कंपनीला देऊन टाकलं, वर्षाला दहा पौंड भाड्याने. बँकेत असते तर हे प्रकरण मी वर पाठवलंच नसतं.

मुद्दा सुटला. कॅथरीन.

गुरुवारनंतर मी तिच्याबद्दल जे हाताला लागेल ते वाचतेय. तेवीस वर्षांची मुलगी. इंग्लंडला उतरली, लग्न झालं आणि थोड्याच दिवसांत नवऱ्याने आपल्या ठेवलेल्या बाईचं, बार्बराचं, नाव हिच्या खास दासींच्या यादीत घालून यादी पुढे ठेवली. हिने नाव खोडलं. तरी त्याने बार्बराला भर दरबारात आणून भेटवलं. ती कोण ते कळल्यावर हिच्या नाकातून रक्त आलं आणि ही कोसळली. मग हिची माहेरची माणसं परत धाडली. इथवर वाचून मला वाटलं, चला, मी लग्न मोडलं ते पुण्यच केलं.

पण पुढे १६६३चं आजारपण येतं. तापात तिला वाटलं की आपल्याला मुलगा झालाय, आणि तो दिसायला चांगला नाही. चार्ल्स उशाशी बसून म्हणाला, छान आहे गं मुलगा. ती म्हणाली, तुमच्यावर गेला असेल तर छानच असेल. सुमे, हे पान माझ्या कादंबरीत येऊच शकत नाही. मूल तिला शेवटपर्यंत झालं नाही. त्याला बाहेरची डझनभर, आणि तरी दुसरी करा म्हणणाऱ्यांना त्याने दाद दिली नाही. १६७८ला त्या ओट्स नावाच्या खोटारड्याने ही राजाला विष घालणार होती असं रचलं तेव्हा हाच तिच्या बाजूने उभा राहिला. म्हणजे हा माणूस वाईट होता की नव्हता? मला ठरवता येत नाही. तू एका वाक्यात ठरवशील, तुझं नेहमीच तसं.

आणि तो गेल्यावर, १६९२ला, ती लिस्बनला परत जायला निघाली. १७०४-०५ला तिथला राजा, म्हणजे हिचा भाऊ, आजारी पडला तेव्हा स्पेनशी युद्ध चालू असताना हिने राज्य चालवलं. एवढी वर्षं दुसऱ्याच्या घरात मान खाली घालून राहिलेली बाई. मी लग्न मोडलं की बार्बरा जाते तसं हेही जातं. लग्नाच्या तहातून पोर्तुगालच्या मदतीला येणारी इंग्लंडची फौज नाही, म्हणजे पोर्तुगाल स्पेनच्या घशात जायची भीती, आणि हिला राज्य चालवायला राज्यच नाही. मुंबई मिळवायला मी हिचं म्हातारपण विकलं असं होतं ना?

तिला देण्यासारखी दोनच ठिकाणं मला दिसतात. चौदावा लुई कधीकाळी बोलण्यात होता, पण त्याचं १६६०ला उरकलं. एक, लिस्बनचा मठ. दोन, तुरीनला सॅव्हॉयचा ड्यूक, १६६३पर्यंत बिनलग्नाचा. मठात घातली तर मंडळातल्या बाई मला सोडणार नाहीत. तुरीनला दिली तर तिथेही बार्बरा निघणारच, फक्त तिचं नाव इटालियन असेल. तिसरा मार्ग म्हणजे आहे तिथेच, चार्ल्सला द्यायची, आणि मुंबई गेली तर गेली. हे मी वसईत राहून कुणाला वाचून दाखवू?

नंदू म्हणतो, आई, कथा आहे, काहीही कर. त्याच्या लग्नाच्या वेळी मी बोलले नाही ते आता बोलले असते, पण सूनबाई समोर होती.

तुझ्या गुडघ्याचं काय झालं? डॉक्टर बदललास का? चिनूच्या बारशाचे फोटो पाहिले, नाक अगदी तुझ्यावर, बिचारा. सांगलीचं घर विकू नकोस हो घाईने, भावजय काहीही म्हणो. तो निळा शालू अजून माझ्याच कपाटात आहे आणि तो माझाच आहे.

मठ, तुरीन की चार्ल्स, तेवढं कळव. फोन केलास तरी चालेल, पण नऊच्या आत, ह्यांची मालिका सुरू झाली की आवाज भिंतीपलीकडे जातो आणि मला तुझं भांडण नीट ऐकू येत नाही.

तुझी,
कुंदा