रुंद टायर टाकला की गाडी सेफ, हे कोणी सांगितलं?

मा. संपादक, स.न.वि.वि.

तुमच्या पेपरात गाड्यांच्या पानावर मध्यंतरी छापून आलं होतं की पावसाळ्याआधी गाडीला एक-दोन साइज रुंद टायर टाकून घ्या म्हणजे ग्रिप वाढते आणि गाडी सेफ होते. ते वाचून आमच्याकडे लोक यायला लागलेत, मोबाईलमध्ये फोटो दाखवतात, म्हणतात असे भरीव दिसणारे टाका. माझं साताऱ्यात हायवेलगत टायर आणि अलाइनमेंटचं दुकान आहे, त्यामुळे हे लिहिणं म्हणजे आपल्याच पोटावर पाय आणणं आहे, कारण मोठा टायर विकला की मार्जिन पण मोठं. तरी लिहितोय, कारण यातलं निम्मंच खरं आहे आणि जे खोटं आहे ते नेमकं पावसातलंच आहे.

आधी जे खरं आहे ते. कोरड्या रस्त्यावर रुंद टायर वळणात बरा बसतो, आणि साइडवॉलची, म्हणजे टायरच्या बाजूच्या भिंतीची, उंची कमी असेल तर स्टिअरिंग फिरवल्यावर गाडी लगेच ऐकते, खंबाटकीच्या वळणांवर हा फरक कुणालाही कळेल. कंपनी स्वतःच हे करते की. स्विफ्टच्या खालच्या व्हेरियंटला १६५/८० आर १४ येतो, वरच्याला १८५/६५ आर १५. पहिला आकडा रुंदी मिलिमीटरमध्ये, शेवटचा डिस्कचा, म्हणजे टायर ज्या चाकावर चढवतात त्याचा, व्यास इंचात. रुंदी २० मिलिमीटरने वाढली, डिस्क एक इंचाने मोठी झाली, पण मधला आकडा ८० वरून ६५ वर आणला. हा मधला आकडा म्हणजे रुंदीच्या किती टक्के साइडवॉल उंच आहे ते. वहीवर मांडून बघा, पहिल्या टायरचा पूर्ण व्यास ६२० मिमीच्या आसपास येतो आणि दुसऱ्याचा ६२१-६२२. जवळपास सारखाच. सगळी गोम इथे आहे.

आता गिऱ्हाईक काय करतं, तर रुंदी वाढवायची एवढंच डोक्यात असतं, डिस्क तीच ठेवायची (नवीन अलॉयचे पैसे वाचतात ना) आणि मधला आकडा कोण बघतो. समजा १६५/८० च्या जागी १८५/८० आर १४ बसवला तर व्यास होतो ६५२ मिमी, म्हणजे ५ टक्क्यांनी जास्त. मग मीटर ८० दाखवतो तेव्हा गाडी खरी ८४ ने पळत असते, आणि एक्सप्रेसवेवर कॅमेऱ्याची पावती आली की सरकारला शिव्या. किलोमीटर पण कमी मोजले जातात म्हणून ॲव्हरेज आहे त्यापेक्षा खाली दिसतं, वर टायर जड म्हणून पिकअप खरंच कमी होतो, मग मालक म्हणतो इंजिनमध्ये काहीतरी झालंय बघा. आमच्या लाइनमध्ये साधारण ३ टक्क्यांच्या वर व्यास हलवायचा नाही असं मानतात, आणि मी तर म्हणतो एक टक्क्यातच राहा.

डिस्कचं पण तसंच. १६५ च्या डिस्कची रुंदी साधारण ५ इंच असते, २०५ च्या टायरला किमान साडेपाच लागते. अरुंद डिस्कवर रुंद टायर जबरदस्तीने चढवला तर दोन्ही बाजू आत ओढल्या जातात, मध्ये पोट येतं, टायर फक्त मधूनच घासतो आणि वळणावर गाडी लोळल्यासारखी वाटते. म्हणजे ज्या ग्रिपसाठी पैसे दिले तीच गेली. आणि पूर्ण स्टिअरिंग कापल्यावर मडगार्डच्या आतल्या प्लास्टिकच्या लाइनरला घासतो ते वेगळंच, दुकानात गाडी रिकामी असते तेव्हा कळत नाही, पाच माणसं आणि डिकी भरून स्पीडब्रेकरवरून गेलं की खर्रर्र आवाज येतो आणि मग फोन येतो. मडगार्डच्या बाहेर टायर काढून मिरवणाऱ्यांबद्दल तर बोलायलाच नको, मागच्या टू-व्हीलरवाल्याच्या तोंडावर सगळा चिखल.

पावसाचं मात्र जरा सविस्तर सांगतो कारण पेपरातल्या लेखात हेच उलटं होतं. लोकांना वाटतं टायर रुंद म्हणजे रस्त्याला जास्त चिकटतो. पण गाडीचं वजन तेच, हवा तीच, तर जमिनीला टेकणारी जागा पण साधारण तेवढीच राहते. माणसांसकट बाराशे किलोची गाडी धरली तर एका चाकावर ३०० किलो, ३० हवा असेल तर दीडशेच्या जरा आत चौरस सेंटीमीटर जागा टेकते, म्हणजे आपल्या हाताच्या पंजाएवढी. रुंद टायरने ही जागा फार वाढत नाही, तिचा आकार बदलतो, आडवी जास्त आणि लांबीला कमी होते. कोरड्यात ते चालतं. पण रस्त्यावर पाणी साठलं असेल तर टायरला समोरचं पाणी बाजूला सारावं लागतं, आणि जितका रुंद तितकं पाणी जास्त. हिशोब अगदी सोपा आहे. रस्त्यावर ३ मिमी पाणी आहे आणि स्पीड ८० आहे, तर १६५ च्या एका टायरला दर सेकंदाला ११ लिटर पाणी हटवायचंय, २०५ ला साडेतेराच्या वर. टायरवरची नक्षी, म्हणजे चर, तेवढं पाणी काढू शकली नाही की टायर पाण्यावर चढतो, स्टिअरिंग एकदम हलकं लागतं आणि ब्रेक दाबून काही होत नाही, त्याला आम्ही गाडी तरंगली म्हणतो. हायवेवर पुलाच्या उतारावर जिथे पाणी आडवं वाहत असतं तिथे हे हमखास होतं. आणि रुंद पण टकला टायर असेल तर विचारूच नका. कायद्याने नक्षी किमान १.६ मिमी खोल पाहिजे, माझ्या मते आपल्याकडच्या पावसाला ३ च्या खाली गेलं की बदलून टाकावा.

म्हणून पावसासाठी पैसे घालवायचेच असतील तर साइज तीच ठेवा आणि चांगल्या रबराचा, खोल चरांचा, ताज्या तारखेचा टायर घ्या. तारीख साइडवॉलवर असते, चार आकडे, २३२५ म्हणजे २०२५ सालचा तेविसावा आठवडा. गिऱ्हाईक डिस्काउंटवर अर्धा तास घासाघीस करतं पण हे चार आकडे वाचत नाही, आणि दुकानदार पण कशाला दाखवतोय.

अजून एक आकडा कोणी बघत नाही तो लोडचा. १६५/८० आर १४ वर ८५ लिहिलेलं असतं, हा वजनाचा ठरलेला कोड, म्हणजे एक टायर ५१५ किलो पेलतो. १८५/६० आर १५ दिसायला रुंद आणि रुबाबदार, पण तो बहुतेक ८४ चा येतो, म्हणजे ५०० किलो. रुंद आहे म्हणून जास्त वजन घेईल असं काही नाहीये. गणपतीला कोकणात सगळं सामान आणि सगळी माणसं एका गाडीत कोंबून जाणाऱ्यांनी हे जरूर बघावं. आणि त्यात साइडवॉल बुटकी, म्हणजे खड्ड्यात डिस्क थेट आपटणार, टायरला फुगा येणार. फुगा आलेल्या टायरला पॅच नसतो, तो टाकूनच द्यायचा. सोळा-सतरा इंची अलॉय लावलेल्या छोट्या गाड्या पावसाळ्यानंतर आमच्याकडे रांगेने येतात, यावरून काय ते समजा.

कायद्याचं पण लोकांना सांगायला पाहिजे. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ मध्ये गाडीत फेरफार करण्यावर बंधनं आहेत, जानेवारी २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टाने पण सांगितलं की कंपनीच्या मूळ स्पेसिफिकेशनशी विसंगत होईल असा बदल चालणार नाही, आणि त्याच वर्षीच्या दुरुस्तीनंतर बेकायदा बदलाला प्रत्येकी ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही. टायरवरून कोणी जेलमध्ये जातो असं मी म्हणत नाही, पण ॲक्सिडेंटनंतर इन्शुरन्सचा सर्व्हेअर न कळवलेले अलॉय आणि भलतेच टायर बघून काय लिहील ते आपल्या हातात नसतं.

समृद्धी महामार्गावर आरटीओने टायर तपासायला सुरुवात केली तेव्हा मला बरं वाटलं होतं. कारला १२० ची परवानगी, काँक्रीटचा सरळ रस्ता, उन्हात तापलेला टायर, तिथे तपासणी पाहिजेच. फक्त नक्षी किती उरलीये एवढ्यावर थांबू नका, साइज आणि लोडचे आकडे दारावरच्या स्टिकरशी जुळतात का तेही बघा. तो स्टिकर ड्रायव्हरचं दार उघडलं की तिथेच असतो, टॉर्च असेल तर मिनिटभराचं काम. आणि दुकानदारांना बिलावर जुना साइज, नवा साइज आणि दोन्हीचा व्यास लिहायची सक्ती करा, माझ्यापासून सुरुवात करा, मला चालेल.

ज्यांना टायर रुंद करायचेच आहेत त्यांनी आपल्याच मॉडेलच्या वरच्या व्हेरियंटला कंपनीने जो साइज दिलाय तो, त्याच मापाच्या डिस्कसकट घ्यावा, हवा त्या व्हेरियंटच्या स्टिकरप्रमाणे भरावी, आणि चारही चाकं बदलावीत. दोनच बदलून पुढे रुंद मागे अरुंद असला प्रकार करू नये. स्टेपनी जुन्या मापाची राहिली असेल तर पंक्चर काढायच्या दुकानापर्यंतच आणि सावकाश चालवावी. पुढच्या वेळी पुरवणीत टायरवर लिहिताना फोटोंच्या जागेत थोडी जागा काढून नेहमीच्या दहा-बारा गाड्यांचे मूळ साइज, लोड आणि चालू शकणारे पर्यायी साइज यांचा तक्ता छापा ही विनंती, माहिती लागली तर मी द्यायला तयार आहे.

आपला,
एक टायरवाला, सातारा